पुसलेल्या गाण्याची चाल

सीताबर्डी, नागपूर
४ मार्च १९८४

प्रिय महादेव,
सप्रेम जय भीम.

इकडे सर्व ठीक. तुझ्या पार्वतीवहिनीच्या गुडघ्यांनी संप पुकारला आहे, पण जिभेचं काम तिन्ही पाळ्यांत चालू आहे. तुमच्या रामटेकचे नानाजी तुझी टेपची मशीन घेऊन आले तेव्हा ती दुकानातच बसली होती. पिशवी चाचपून म्हणाली, "मशीन आली, मानूस काहून नाही आला?" मी म्हटलं, मानूस बिघडला नाही म्हणून. तिला ते पटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही पटलं नाही.

पिशवीत तुझी चिठ्ठी होती. "हेड गेलं आहे. दुसऱ्या कोणाच्या हातात देऊ नको." नऊ वर्षांत तुझी एवढीच दोन वाक्यं. रामटेकात रेडिओ दुरुस्त करणारे चार जण तरी असतील, हे मला माहीत आहे. म्हणून ती चिठ्ठी मी शर्टाच्या खिशात ठेवली आहे.

हेड नवीन टाकलं. पट्टा सैल झाला होता, तोही बदलला. मोटर साफ केली. आतमध्ये दोन ठिकाणी तू स्वतः कथलाचे डाग दिलेले दिसले. गोल, चकचकीत, ज्वारीच्या दाण्याएवढे. सत्तावीस वर्षांपूर्वी सभेच्या लाऊडस्पीकरचे भोंगे आपण डोक्यावरून वाहत होतो, तेव्हा तुझा हात असाच होता. माझे डाग अजूनही शेणाच्या गोवरीसारखे पडतात. फरक इतकाच की आता माझ्या नावाची पाटी आहे, त्यामुळे कोणी बोलत नाही.

आता मुद्द्याचं. मशीनमध्ये एक कॅसेट होती, तू गावोगाव फिरून भरलेली. ती मी ऐकली.

तुला माहीत आहे, मी आता कॅसेट भरून देतो. गिऱ्हाईक गाण्यांची यादी आणतं, मी गाणी उतरवून देतो. सकाळपासून साठ-साठ व्हायोलिनं माझ्या डोक्यावरून जातात. गड्या, मी रोज आठ तास गाणं वाजवतो आणि एक गाणं ऐकत नाही. त्या दिवशी तुझी कॅसेट लावली आणि हातातला पेचकस हातातच राहिला.

एक बाजू कोण्या कोष्ट्याची आहे. हातमाग चालू आहे आणि तो मागाच्या ठोक्यावर म्हणतो आहे. एक धागा तुटला असावा. माग थांबला, तर गाणंही थांबलं. त्यानं धागा जोडला, माग सुरू झाला, आणि गाणं शब्दाच्या मधूनच पुढे निघालं. असा तबलजी कोणत्या रेडिओ स्टेशनजवळ आहे? त्याच्या नंतर कोणीतरी डालड्याच्या डब्याला तार ताणून वाजवली आहे. तार थोडी उतरलेली आहे आणि गळाही तेवढाच उतरलेला आहे, म्हणजे दोघंही बरोबर सुरात आहेत! मी एकटाच हसलो. गिऱ्हाइकाला वाटलं, मी त्याला हसलो.

दुसऱ्या बाजूवर बाया आहेत. त्यातली एक मोठ्या गळ्याची, वयस्क. तिच्या शेवटच्या दोन ओळी माझ्या कानातून जायला तयार नाहीत.

लाल लाल रान माझं, हाताले लागली आग वं,
पान्यानं इझेना बाई, कोनावर काढू राग वं...

"राग" या शब्दावर ती आवाज चढवत नाही, खाली आणते. दुसरी कोणी असती तर तिथं टाळ्या घ्यायला वर गेली असती. ही खाली जाते आणि ऐकणारा तिच्यामागे विहिरीत उतरतो. या लोकांना कोणी विचारलं नाही, कोणी कंपनीनं बोलावलं नाही, आणि घरच्या घरी बसून यांनी हे करून ठेवलं आहे.

कुठली गा ही बाई? सहज विचारतो.

मशीन आणखी आठ-दहा दिवस ठेवून घेतो. नवं हेड बसवल्यावर चालवून पाहावं लागतं, हे तुला सांगायला नको. कॅसेटही इथंच बरी आहे.

पार्वतीचा जय भीम.

तुझा,
रुपराव


सीताबर्डी, नागपूर
१५ मार्च १९८४

प्रिय महादेव,
जय भीम.

तुझं कार्ड पोचलं. "मशीन झाली असेल तर नानाजींजवळ दे. कॅसेट वाजवत बसू नको." बाई कुठली ते लिहिलं नाहीस. तुझा स्वभाव पोस्टकार्डावरही मावतो.

मशीन त्याच दिवशी झाली होती. मागच्या पत्रात मी तुला थाप मारली. कॅसेट माझ्याजवळ अडकली आहे, मशीन नाही. उभ्यानं वाचू नको, बसून वाच.

हेड बदललं की रेकॉर्डिंग होते का ते पाहतात. त्यासाठी प्रत्येक मिस्तरी आपली एक भंगार कॅसेट ठेवतो. माझी त्या दिवशी दुसऱ्या मशीनमध्ये लागलेली होती. तुझ्या मशीनमध्ये कॅसेट होतीच. मी बटण दाबलं आणि म्हटलं, "हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन." तेवढ्यात एक बाई पंखा घेऊन आली. तिच्याशी भाव करता करता मी बटण दाबलेलं विसरलो. सात मिनिटं.

आता त्या जागी काय आहे, ऐक. मोठ्या गळ्याच्या बाईनं सुरुवात केली, "लाल लाल..." आणि मधेच मी बोंबलतो, हॅलो हॅलो. मग पंखेवाली म्हणते, "भाऊ, एवढ्यात तं नवा येते." मग मी म्हणतो, "मंग नवाच घ्या ना बाई, मले काहून तरास देता?" मग चहा येतो. मी भुरका मारतो. माझा भुरका एवढा मोठा आहे, हे मला अठ्ठेचाळीसाव्या वर्षी कळलं. आणि शेवटी ती बाई परत येते, फक्त दोन ओळींपुरती, जशी काही या सगळ्या गोंधळात ती बाहेर उभी होती आणि आम्ही तिला आत घेतलं नाही.

त्या दोन ओळीच मी तुला लिहून पाठवल्या. बाकी माझ्याजवळ नव्हत्याच.

तुला विचारलं तर तुला कळणार, म्हणून मी कानाला कामाला लावलं. ओळींच्या मधे बाया खोकतात. साधा खोकला नाही, घशात तिखट गेल्याचा ठसका. एकीला येतो, मग ओळीनं सगळ्यांना येतो. मागे एक बारीक शिट्टी आहे, छोट्या गाडीच्या इंजिनाची. रुळावर चाकं जवळ जवळ वाजतात. ठसका अधिक छोटी गाडी, बेरीज काय? मिरचीचं भिवापूर. इतवारी स्टेशनवरून रविवारी सकाळी बसलो.

स्टेशनबाहेर चहावाल्याला माझ्या लहान टेपवर तुझी कॅसेट ऐकवली. गाणं सुरू व्हायच्या आधीच तो म्हणाला, "हा ठसका तं रुखमाबाईचा!" महादेव, मी पंचवीस वर्षं स्वतःला कानसेन समजत होतो. त्या चहावाल्यासमोर मी टोपी काढली असती, असती तर.

सातऱ्यावर गेलो. तू पाहिलेलाच आहे, तरी सांगतो, कारण मी पहिल्यांदा पाहिला. मिरची वाळवायचं ते मैदान, दोन-तीन एकर नुसतं लाल. बाया पदर नाकाला बांधून ओळीनं बसलेल्या, देठ खुडून राहिलेल्या. मी जवळ गेलो आणि तीनदा शिंकलो. सगळ्या हसल्या.

"कोन पाह्यजे?"

"रुखमाबाई."

"मीच व्हय. व्यापारी का?"

"नाही, मिस्तरी. महादेवरावचा दोस्त."

"महादेवभाऊ काहून नाही आले? बिमार आहे का?"

मी म्हटलं, बरा आहे. मग आडवळणं घेत घेत सगळं सांगितलं. तिनं हात थांबवले नाहीत. शेवटी म्हणाली, "म्हंजे आमचं गानं पुसून तुमी पंख्याचा भाव भरला."

"हाव."

"भाव जमला का तरी?"

"नाही."

तिच्या बाजूची बाई इतकी हसली की तिला ठसका लागला. मी म्हटलं, रुखमाबाई, मी मशीन आणली आहे, तेच गाणं पुन्हा म्हणा. ती म्हणाली, "ते गानं असं डब्यात ठेवलेलं नसते गा भाऊ. महादेवभाऊ येऊन बसले, त्यायच्या संग बोलता बोलता निंगालं. त्यायले घेऊन या. त्यायच्यासमोर पाहू, येते का."

मी म्हटलं, मी येऊन बसलो तर नाही का निघणार?

"तुमी बसले का? तुमी तं उभे आहात कवाचे."

खरंच, मी उभाच होतो. मग बसलो. तिनं एक मूठ मिरच्या माझ्यासमोर सरकवल्या. थोड्या वेळानं, डोळे खालीच ठेवून, तिनं विचारलं, "पुसाच्या आधी आयकलं होतं का तुमी?"

"नाही."

"मंग अर्धाच दोष. आयकून पुसलं असतं, तं पुरा होता."

मी देठ खुडू लागलो. माझे हात भाजत होते.

म्हणून हे पत्र. दुसऱ्यांदा तुझं काही माझ्या हातून पुसलं गेलं. पंच्याहत्तर सालचा तो स्पुलांचा मामला मी विसरलो असेन, असं तुला वाटत असेल. लग्नाची ऑर्डर होती, टेपचे रिकामे स्पूल संपले होते, दुकानातल्या फळीवरचे तुझे तीन घेतले, न ऐकता पुसले, त्यावर लग्नाचा बँड भरला. तू तेव्हा विचारलं होतंस, मी तेव्हा सांगितलं होतं. त्यात तुझ्या गेलेल्या बाबांची, गणपतकाकांची तारेची किंगरी होती हे मला माहीत नव्हतं. तू तुझी डाग द्यायची कावी उचलली आणि निघून गेलास. तेव्हा मी मागून ओरडलो, "नवे स्पूल आणून देतो ना बे!" ते आठवलं की अजून मान खाली जाते. असो.

होळी झाल्यावर, पंचवीस तारखेला रविवार आहे. सकाळची छोटी गाडी. माझ्याशी बोलू नको, हरकत नाही. मशीन मी वाहीन, बटणाला हात लावणार नाही.

तुझा,
रुपराव


सीताबर्डी, नागपूर
२७ मार्च १९८४

प्रिय महादेव,
जय भीम.

परवा तू आलास. इतवारीच्या फलाटावर मला पाहून न पाहिल्यासारखं केलंस आणि मी बसलो त्याच डब्यात, माझ्यासमोरच्या बाकड्यावर बसलास. उमरेडपर्यंत खिडकीबाहेर पाहिलंस. उमरेडनंतर दुसऱ्या खिडकीबाहेर.

काय झालं ते तुला सांगण्यात अर्थ नाही, तू तिथंच होतास. पण मला काय दिसलं, ते तुला दिसलं नाही, म्हणून लिहितो.

मला वाटत होतं तू जाशील, माईक लावशील, म्हणशील "चला, म्हणा." तू काय केलंस? मशीन पोत्यावर ठेवली, माईकवर तुझा धुतलेला दुपट्टा टाकला, बटण दाबलं आणि देठ खुडायला बसलास. कोणाची सून बाळंत झाली, कोणाच्या घरी पाणी येत नाही, तासभर तेच. कॅसेटची एक बाजू नुसत्या गप्पांची संपली. माझ्यातला दुकानदार तळमळत होता. तू शांतपणे उलटून लावली. बाया मशीन विसरल्या. मीही विसरलो. आणि मग, तुझ्या कोण्या बोलण्याला उत्तर देता देता, रुखमाबाईचं बोलणं हळूच गाण्यात गेलं. बोलणं कुठं संपलं आणि गाणं कुठं सुरू झालं, ही जागा मला सापडली नाही. माझ्या या कानांना सापडली नाही.

ती आधीचीच ओळ होती, "लाल लाल रान माझं." पण पुढचं सगळं वेगळं. यावेळी त्यात तिच्या पोरीचं सासर आलं, मिरचीनं भरलेली मालगाडी आली. आणि मग एकदम सगळ्या बायांनी माझ्याकडे पाहिलं.

नागपूरचा मिस्तरी आला, कानाचा म्हनते पक्का वं,
एक दोन तीन येते, चारावर बसला धक्का वं!

एवढी इज्जत माझी कोणी काढली नव्हती आणि एवढी सुंदरही कोणी काढली नव्हती. "धक्का"वर तिनं जी बारीक हरकत घेतली, तिच्यासाठी मी आणखी चार वेळा इज्जत काढून घेईन. त्याच वेळी माझ्या नाकात तिखट गेलं. मी तोंड उघडलं, आणि तू म्हणालास, "शिंकू नको गा."

नऊ वर्षांनी तू माझ्याशी बोललास, आणि ते कॅसेटवर आहे.

मी शिंकलो नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते मिरचीचं समज.

परतताना तू इतवारीला कॅसेट माझ्या हातात दिलीस, एक प्रत काढून पाठव म्हणून. पहिली कॅसेट पुसणाऱ्याला दुसरी कॅसेट दिलीस. मी ती घरी आणली, प्रत काढली, दोन वेळा तपासली. पार्वतीनं पाच वेळा ऐकली. शेवटचं कडवं दहा वेळा. सोबत मूळ आणि प्रत, दोन्ही पाठवतो आहे. पहिल्या कॅसेटमधली माझी सात मिनिटंही तशीच ठेवली आहेत. तिथं आता दुसरं काही भरण्याचा मला अधिकार नाही.

इथं पत्र संपवता आलं असतं. मी पेन खाली ठेवलं होतं. पण रुखमाबाईचा तो प्रश्न गेला नाही. तिनं विचारलं एका कॅसेटबद्दल आणि मी उत्तर दिलं खरं. तूही पंच्याहत्तर साली तोच प्रश्न विचारला होतास, दुकानाच्या दारात, एक पाय बाहेर ठेवून. "तू वाजवून पाह्यलं होतं का, रुप्या?" मी म्हणालो, "नाही गा, वेळ कुठं होता." आणि बारा दिवसांपूर्वी, तुला सगळं कबूल करतो म्हणता म्हणता, मी तेच पुन्हा लिहिलं.

मी ऐकलं होतं, महादेव.

तीनही स्पूल लावून पाहिले होते. पहिल्या दोहोंत काय होतं, आठवत नाही. तिसरा लावला आणि गणपतकाकांची किंगरी सुरू झाली. मी बंद करायला उठलो होतो, बसलो. पूर्ण ऐकली. ती चाल वर चढते, उंबऱ्यापर्यंत येते, आणि घरात काही विसरल्यासारखी परत फिरते. तीनदा तसंच. चौथ्यांदा उंबरा ओलांडते. असं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. मिलमध्ये पाळी करून आलेला माणूस, भिंतीला टेकून, कोणासाठीच नाही असं वाजवतो, आणि ते कोण्या मोठ्या उस्तादापेक्षा कमी नाही, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. माझ्या कानांनी मला फसवलं नाही. लग्न शुक्रवारी होतं. बाजारात स्पूल नव्हते. दुकान नवं होतं, नाव व्हायचं होतं. मी बटण दाबलं.

कचरा समजून पुसलं असतं, तर मी तुला केव्हाच भेटायला आलो असतो. सोनं समजून पुसलं, म्हणून आलो नाही.

वाजवून झाल्यावर काकांनी किंगरी खाली ठेवली होती, तिचा लाकडाचा आवाज येतो. मग ते तुला म्हणतात, "बंद कर गा महादेव, भात करपून राहिला." आणि तू हसतोस. एकोणतीस-तीस वर्षांचा तुझा हसण्याचा आवाज. मग स्पूल संपतो. हे तुला आठवत असेल की नाही, मला माहीत नाही. मला रोज आठवतं. जगात ती चाल आता फक्त माझ्या या दोन कानांत आहे, आणि हे कान त्या लायकीचे नाहीत, पण विश्वासू आहेत. त्यांतून एक सूर निसटलेला नाही.

पाकिटात तिसरी कॅसेट आहे. काल दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि मी ती चाल गुणगुणून भरली. मला गळा नाही, तुला माहीत आहे. आवाज फाटतो, दम पुरत नाही, चौथ्या वेळी उंबऱ्याशी मी अडखळलो, तर पुन्हा सुरुवातीपासून घेतली. बाहेर रिक्षा वाजते. बेसूर आहे, पण चाल खरी आहे. कुठं चुकलो असेन तर तू मुलगा आहेस, तू सांगशील. रामटेकला कोणी किंगरीवाला असेल तर त्याच्याकडून बसवून घे. नसेल तर तुझ्या कॅसेटमधल्या त्या कोष्ट्याला ऐकव. तो मागावर उतरवील.

शेवटी भाताचं वाक्यही मी म्हटलं आहे. ते म्हणायला मला सर्वांत जास्त वेळ लागला.

माफी मागत नाही. ऐकल्यावर तुला जे वाटेल ते वाटू दे.

ऐकून पुसणारा, आणि पुसूनही न विसरलेला,
तुझा
रुप्या